जावईबापूंच्या हाती दिलेली ढाल

मला विचाराल तर ढालवाला. चोर, तिरंदाज, जादूगारीण, वैदू असे किती का प्रकार त्या खेळात असेनात, मी पहिल्या दिवसापासून ढालवालाच घेत आलो.

खेळ टीव्हीवरचा. मुलगी शिक्षण संपवून इथेच यवतमाळात नोकरीला लागली, तेव्हा तिनं टीव्हीला जोडायचं ते यंत्र घरी आणलं. आधी मी त्याच्याकडे, आपल्या घरात भाड्याने राहायला आलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसा पाहत होतो. मग एका रविवारी ती म्हणाली, “बाबा, बसा ना. मले एकटीले कंटाळा येते.” बसलो, तो बसलोच.

खेळात चार जणांची टोळी असते. जंगलं, भुयारं, पडके किल्ले पार करत जायचं आणि वाटेत येतील त्या राक्षसांशी लढायचं. टोळीतल्या प्रत्येकाला एक क्लास असतो. क्लास म्हणजे त्या माणसाचा धंदा, एवढं मी समजून घेतलं. रिमोट दोन होते (ती कंट्रोलर म्हणते, आमच्या घरात जे हातात धरून टीव्हीसमोर बसतात त्याला रिमोटच म्हणतात), म्हणून चौघांची वाटणी केली. ढालवाला आणि चोर माझ्याकडे, जादूगारीण आणि वैदू तिच्याकडे.

चोर माझ्या नावावर होता खरा, पण त्याला चालवायची माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून. “ते मडकं पाहा. त्या पेटीत काही असंन. अहो, त्या म्हातारीच्या घरात कायले शिरून राह्यले? लाज नाही वाटत?” असं दोन्हीकडून चालायचं. एकदा गावच्या बाजारात एक गवई भेटला. सगळे लढत असतात तेव्हा हा मागे उभा राहून गाणं म्हणतो, त्यानं बाकीच्यांना जोर येतो. मुलीनं हे समजावून सांगितलं तशी बायको म्हणाली, “हा तर तुहा बापच आहे.”

तिचं काही चूक नव्हतं. खऱ्या आयुष्यात मी समोर उभं राहणाऱ्यातला नाही. गल्लीतलं कुत्रं अंगावर आलं तर मी बायकोच्या मागे होतो आणि ती “हाड” म्हणते. शाळेत मी भूगोल शिकवतो, तिथेही मुख्याध्यापकांच्या खोलीत शिष्टमंडळ गेलं तर मी दाराजवळ सापडेन. पण खेळातल्या ढालवाल्याला एक बटण होतं. ते दाबलं की तो तलवार ढालीवर आपटून असा ओरडायचा, की मैदानातले सगळे राक्षस बाकीच्यांना सोडून त्याच्यावरच धावायचे. मागचे मोकळे. मला ते बटण फार आवडायचं. गरज नसतानाही दाबायचो.

मुलीची जादूगारीण मात्र नाजूक. अंगात साधा झगा, हातात एक काठी. तिनं मंत्र टाकला की अर्धं रान पेटायचं, पण तो मंत्र म्हणायला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात कोणी एक फटका मारला की बाईसाहेब आडव्या. म्हणून मुलगी सारखी ओरडायची, “बाबा, समोर राहा!”

“आहे ना मी!”

“ते समोर नाही, ते झाड आहे. इकडं या!”

भूगोलाचा मास्तर त्या नकाशात इतक्यांदा हरवला की शेवटी ती म्हणाली, “हे तुमच्या वर्गात कोणाले सांगू नका.” पण हरवत, मरत, पुन्हा उठत आम्ही पुढे जात राहिलो, आणि तिचं लग्न ठरलं तेव्हा खेळातल्या शेवटच्या दारापर्यंत पोचलो होतो. डोंगराच्या पोटात एक लोखंडी दार, आणि दाराआड तो शेवटचा राक्षस, ज्याच्यासाठी एवढी पायपीट केली.

लग्नाच्या घाईत दार उघडायला वेळ मिळाला नाही. मांडवाची माणसं यायच्या आदल्या दिवशी ती यंत्राची वायर गुंडाळत म्हणाली, “हे दार असंच राहू द्या. मी आली की आपण दोघं उघडू. माझ्याशिवाय उघडायचं नाही, सांगून ठेवते.”

मी म्हटलं, “तुह्याशिवाय मी तिथंवर पोचतो तरी का?”

ती नागपूरला गेली. दिवाळीला आली तर घर पाहुण्यांनी भरलेलं. संक्रांतीला आली ती एका दिवसापुरती. दार तसंच. मधल्या काळात मी एकटा बसायचो, पण दाराकडे जायचो नाही. मागच्या जंगलात फिरून लांडगे मारायचो, म्हणजे ढालवाला जरा तयार राहील. एका बोळातल्या लोहाराकडे फार भारी ढाल होती, तिच्यापुरत्या मोहरा जमवायला मी कित्येक महिने लांडगे मारले म्हणा ना. ढाल घेतली, ढालवाल्याला चढवली. तिला फोनवर सांगितलं नाही. म्हटलं, आली की पाहील.

आणि अधिक महिना लागला.

आमच्याकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, अनारसे द्यायचे, ओवाळायचं. जावई या महिन्यात देवाच्या जागी. एरवी आमचे जावईबापू अगदी साधे, मितभाषी. चप्पलसुद्धा कोपऱ्यात जुळवून ठेवतात. पण महिन्याचा मान महिन्याला द्यावाच लागतो.

ऐन उन्हाचा महिना. दुपारची जेवणं झाली. जावईबापूंच्या पानात बायकोनं धोंडा वाढला, ते “नको नको” म्हणाले, तिनं आणखी एक वाढला. हे असंच असतं. पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. वाढणाऱ्यानं दोनदा ऐकलं तर तो वाढणारा कसला? मग सगळे हॉलमध्ये कुलरसमोर आलो. आणि मुलगी अगदी सहज म्हणाली, “बाबा, लावता का ते?”

मी वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं करत होतो. “काय ते?”

“दार.”

यंत्र लावलं. आम्ही दोघं खाली सतरंजीवर बसलो, पूर्वीसारखे, पाठ दिवाणाला टेकवून. चौघं दारासमोर उभे. ढालवाल्याच्या हातात नवी ढाल. मुलीनं ती पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “बाप रे! ही कधी घेतली?” मी म्हटलं, “असंच. पडली होती कुठंतरी.”

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बायकोनं मला डोळ्यांनी खुणावलं. मागे दिवाणावर जावईबापू हात मांडीवर ठेवून बसले होते. या महिन्यातला देव मागे बसलेला, आणि सासरा पुढे बसून खेळतोय. बायको हलक्या आवाजात म्हणाली, “अहो, ते नुसते बसून आहेत.”

मला तेव्हा वेगळं काही सुचलंच नाही. मी रिमोट मागे धरला. “घ्या जावईबापू, तुम्ही खेळा.”

“नाही नाही, मामाजी. तुम्ही खेळा. मी पाहतो ना.”

“घ्या हो. आमचं तर रोजचंच आहे.”

“अहो, मला नाही येत तेवढं.”

“येतंय सगळं. घ्या. माझा मान ठेवा.”

त्यांनी घेतला. मी मागे दिवाणावर जाऊन बसलो, ते खाली माझ्या जागेवर. मुलगी पडद्याकडे पाहत होती. कुलरचा आवाज असा, की बोलली असती तरी मला ऐकू आलं नसतं, असं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं.

दार उघडलं. राक्षस म्हणजे डोंगरच होता. आणि आमचा ढालवाला, ज्याला मी एवढे लांडगे खाऊ घातले, तो उलट्या दिशेनं पळत भिंतीला जाऊन अडकला. बिनकानाचा गरम कप धरावा तसा जावईबापूंनी रिमोट धरला होता. मी तोंड दाबून बसलो. जावयाला “चुकलं” म्हणायचं कसं? धोंड्याच्या महिन्यात? मी म्हणालो, “वा! छान! जरा डावीकडे वळलात तरी चालेल.” आणि मग, “ते वरचं बटण आहे ना, कधी सवडीनं दाबून पाहा.”

त्यांनी खालचं दाबलं. ढालवाला खाली बसला.

मुलगी तोवर जादूगारीण सोडून वैदूला धरून होती. एरवी वैदूला ती हात लावायची नाही, “दवाखानेवाला” म्हणायची. आता सारखी त्याच्याकडून ढालवाल्याला औषध पाजत होती. “थांबा हं, तुमची तब्येत भरते. आता चला. नाही, इकडं,” असं नवऱ्याला सांगत होती, न चिडता. माझ्यावर मात्र ती फार चिडायची. तेव्हा मला ते आठवलं.

बायकोनं पुन्हा हाक मारली. फ्रिजमधला बर्फ जमला नव्हता, कोकमाचं सरबत करायचं होतं, चौकातून बर्फ आणायचा होता. मी लगेच उठलो. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. त्या उन्हात गाडी काढली, बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून पायाशी ठेवली आणि परत आलो तेव्हा पडद्यावर काळ्या रंगावर पांढरी नावं वर सरकत होती. संगीत वाजत होतं.

“झालं मामाजी!” जावईबापू उठून उभे राहिले, जागा मोकळी करत.

“वा! जिंकले?”

“जिंकली ही.”

मुलगी सतरंजीवरच होती. “झालं, बाबा,” एवढंच म्हणाली. मी “शाब्बास!” म्हटलं, टाळ्या वाजवल्या आणि मोरीत जाऊन बर्फ फोडत बसलो. लागत होता त्याहून बराच जास्त फोडला.

दुसऱ्या दिवशी ती दोघं नागपूरला गेली. चार-पाच दिवस फोनवर अनारशांबद्दल बोलणं झालं, उन्हाबद्दल झालं. मग एका संध्याकाळी तिनं विचारलं, “बाबा, तुम्ही तेव्हा कायले उठले होते?”

“बर्फ आणायले.”

“त्याच्या आधी.”

मी म्हटलं, “जावईबापू मागं बसून होते ना. बरं दिसत नव्हतं.”

“मले वाटलं, तुम्हाले आता कंटाळा आला. तुम्ही म्हणाले ना, आमचं रोजचंच आहे.”

“मले वाटलं, तुले त्यांच्यासोबत खेळायचं असंन.”

तिथे मागून जावईबापूंचा आवाज आला. तिनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला असावा. “मामाजी, खरं सांगू का? मला अजिबात नको होतं. लग्न झाल्यापासून ही त्या दाराबद्दल सांगते आहे. मला माहीत होतं ते तुमचं आहे म्हणून. पण तुम्ही तीनदा म्हटलं. मान ठेवा म्हटलं. आता कसं नाही म्हणू?”

मी म्हटलं, “तुम्ही तिसऱ्यांदाही नको म्हणायचं होतं.”

“तसं चालतं का?”

चालत नाही. मलाही माहीत होतं.

जावईबापू फोनपासून दूर गेले असावेत. मुलगी म्हणाली, “जुन्या जागेवरून पुन्हा सुरू करता येते, बाबा. दार पुन्हा बंद दाखवते. दिवाळीत आली की आपण पुन्हा लढू.” मी हो म्हटलं. तिनंही हो म्हटलं. त्या ‘हो’मध्ये दोघांचाही फारसा जीव नव्हता. आत काय आहे हे तिनं पाहिलं होतं, आणि मी पाहिलं नव्हतं. पुन्हा लढलो तरी ती मला दाखवायला येणार, माझ्यासोबत पाहायला नाही.

“सांग तर खरं,” मी म्हटलं. “शेवटी काय झालं? ढालवाला भिंतीतून निघाला का?”

“निघाला. पण मेला. मग चोर गेला. वैदूचं औषध संपलं, मग तोही गेला. राहिली फक्त माझी जादूगारीण.”

“एकटी?”

“एकटी. मी म्हटलं आता हरलो. पण समोर कोणीच नाही तर मागं तरी कुठं उभी राहणार? तशीच समोर गेली. त्याचा हात उठला की बाजूला व्हायचं, आणि तेवढ्यात अर्धा मंत्र म्हणायचा. पुन्हा बाजूला. पुन्हा अर्धा. असं करत करत पाडलं त्याले.” तिचा आवाज बदलला होता. त्या दुपारी मी घरात असतो तर हाच आवाज मला समोरासमोर ऐकू आला असता. “बाबा, मले माहीतच नव्हतं तिले असं जमते म्हणून. तुम्ही असते तर मी कधी समोर गेलीच नसती.”

एवढी वर्षं मी ते बटण दाबत राहिलो, लागत नव्हतं तेव्हाही. आणि ज्या एका वेळी ती समोर गेली, त्या वेळी मी चौकात बर्फवाल्याला जरा मोठी लादी द्या म्हणत उभा होतो.

“फार लागलं का तिले?” मी विचारलं.



“लागलं ना, बाबा,” ती म्हणाली. “लागणारच. पण उभी होती.”