धामण आणि आम्ही दोघी जावा

मैत्रिणींनो, आजचं आजच सांगते.

सकाळी मी आणि माझी धाकटी जाऊ नदीच्या काठाकाठानं धबधब्यापर्यंत चालत गेलो. वाटेत तरोटा कमरेइतका वाढलेला. कुंपणावर कळलावीची लाल-पिवळी फुलं. वाळक्या फांदीवर एक खंड्या बसला होता, आम्ही अगदी जवळ गेलो तेव्हा उडाला.

धबधब्यापाशी दोन माणसं काठ्या घेऊन एका खडकाला घेरून उभी होती. फटीत साप होता. मी वाकून पाहिलं, तर धामण. मी सरळ मधे जाऊन उभी राहिले.

"बाई, बाजूले व्हा. चावन तुमाले."

"धामण हाय ते. इख नसते तिले. आमच्या भाजीच्या वावरातले उंदरं तेच खाते. कायले मारता?"

"तुमी कोन सांगनाऱ्या?" म्हणत एकानं काठी उचलली.

माझी जाऊ घरातल्या पालीलाही घाबरते. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पयले आमाले मारा, मंग तिले."

त्यानं काठी खाली घेतली. धामण सळसळत गवतात गेली.

जाताना ते पुटपुटले, "बायांनी इतक्या दूर याचंच काहून?"

आम्ही पाण्यात पाय सोडून मनसोक्त बसलो, डबा खाल्ला. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत.

कोण कोण येऊन राह्यलं आमच्यासंग?