इंझोरीच्या पेटीतली दुसरी प्रत

सदतीस वर्षं मी शाळेत शिकवलं, त्यातली बहुतेक गणित. आमच्या घरातून अंगारे-धुपारे, गंडेदोरे छप्पन्न सालीच बाहेर गेले होते – बाबांनी दीक्षा घेतली त्या आठवड्यात सगळं गोळा करून नाल्यात सोडलं, असं माय सांगायची. त्यामुळे कुणी 'आमच्याकडे असं घडलं' म्हणून सुरू केलं की मी उठून चहा ठेवायला जाते. आज मीच असं काही लिहायला बसले आहे, तेव्हा तुम्हीही उठून गेलात तरी राग नाही.

लिहायचं कारण माझा मुलगा. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कामात आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या ऑफिसात पाणी शिरलं, मशीन गेल्या, पण दुसऱ्या दिवशी काम सुरू! जेवताना तो मला समजावून सांगत होता – बॅकअप म्हणजे काय, दुसरी प्रत त्याच इमारतीत ठेवून उपयोग नाही, ती दुसऱ्या गावात हवी, आणि मधूनमधून उघडून बघायला हवी की ती नीट आहे ना. मी हसायला लागले. म्हटलं, अरे, हे मला आमच्या देवराव गुरुजींनी तुझ्या जन्माआधी सांगितलंय. मग पुढचं सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, "आई, हे लिहून ठेव. आणि दोन ठिकाणी ठेव."

तर हे १९७०च्या दशकाच्या मधलं – बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. वाशीम जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, सगळं अकोल्यातच. किन्हीराजाहून आत पाच-सहा मैलांवर एक गाव आहे. नाव देत नाही, त्यातली माणसं अजून आहेत. तिथल्या शाळेत मी नोकरीला लागले. तीन खोल्या, टिनाचं छत, सागाच्या बल्ल्या, सातवीपर्यंत वर्ग आणि आम्ही तीन शिक्षक. देवराव गुरुजी हेडमास्तर.

शाळेत एक लाल कापडी पुठ्ठ्याचं जाड रजिस्टर होतं – दाखल-खारीज. पोरगं शाळेत आलं की त्याचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख त्यात लिहायची. शाळा सोडली की तीही नोंद त्यातच. गावातल्या आमच्या बौद्ध वस्तीतल्या लोकांकडे, आणि खरं सांगायचं तर निम्म्या गावाकडे, जन्माचा दुसरा कागदच नव्हता. तुम्ही कोण आणि कधी जन्मलात, हे त्या एका वहीलाच माहीत.

पहिल्याच वर्षी गुरुजींनी माझ्यापुढे एक कोरी वही ठेवली. "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. ह्या रजिस्टराची नक्कल करा. रोज एक पान."

"कायले गुरुजी? हे आहे ना चांगलं?"

त्यांनी सांगितलं, आधीच्या गावी त्यांच्या शाळेचं रजिस्टर उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लं. एक पोरगा पोलिसात निवडला गेला होता, त्याला वयाचा दाखला देता आला नाही. "तो पोरगा आता ईटभट्टीवर आहे. मले रस्त्यात दिसला की मी मान खाली घालतो." मग म्हणाले, "आन् नक्कल इथं ठेवू नका. तुमच्या मायच्या घरी ठेवा, इंझोरीले. शाळेले काही झालं तर नक्कल वाचली पाह्यजे. महिन्यातून एकदा उघडून पाहा."

रजिस्टर शाळेबाहेर न्यायचं नाही, हाही त्यांचाच नियम. म्हणून मी शाळा सुटल्यावर सुट्या कागदांवर नोंदी उतरवून घ्यायची आणि महिन्याकाठी इंझोरीला गेले की वहीत स्वच्छ लिहायची. मंगरुळला एस.टी. बदलून जावं लागे. बाबा वारले होते, माय एकटीच असायची. वही माझ्या लोखंडी पेटीत, कुलूप लावून. किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये.

पहिले काही महिने मी नेमानं केलं. मग कंटाळा आला. तीच ती नावं, त्याच तारखा... नोंद क्रमांक १८८ वर मी थांबले. आज करू, उद्या करू म्हणत वर्ष गेलं. रजिस्टर तेव्हा तीनशेच्या वर गेलेलं होतं.

त्याच वर्षी जूनमध्ये मला वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी अकोल्याला पाठवलं. निघायच्या दिवशी गुरुजी एस.टी.पर्यंत पोचवायला आले. त्यांना मोतीबिंदू होता, हात डोळ्यांवर धरून गाडीकडे बघत उभे होते.

"नक्कल झाली ना बाई?"

आणि मी म्हटलं, "झाली गुरुजी."

का म्हटलं? गाडी सुटत होती, त्यांचा चेहरा इतका विश्वासाचा होता... कारणं पुष्कळ देता येतील. पण खोटं बोलले ते बोलले.

अकोल्याचं ट्रेनिंग म्हणजे होस्टेल. सकाळ-संध्याकाळ हजेरी, रविवारी श्रमदान. इंझोरीला मी वर्षात एकदाच गेले – दिवाळीत. पेटी उघडली नाही. तिच्याकडे बघायचीही लाज वाटत होती.

एप्रिल संपता संपता परीक्षा झाली आणि मी परत शाळेत हजर झाले. माझा दुसराच दिवस. सकाळची शाळा सुटली होती, पोरं घरी गेली होती. दुपारी बाराच्या सुमारास मागच्या भिंतीला लागून रचलेल्या कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. कशानं, ते कळलं नाही. ऊन असं की हवाच पेटल्यासारखी. लोक बादल्या घेऊन धावले, पण छताच्या बल्ल्या पेटल्यावर कुणाला जवळ जाता येईना. कुणाला इजा झाली नाही, एवढं नशीब. रजिस्टराचं लाकडी कपाट मात्र पूर्ण जळालं.

दुपारनंतर राख निवायला लागली तेव्हा सगळं गाव शाळेसमोर उभं होतं. त्यात वच्छला होती. अठरा-एकोणीस वर्षांची, आमच्याच वस्तीतली, मी यायच्या आधीच आमच्या शाळेतून सातवी पास झालेली. पुढं शिकली नव्हती, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला तिनं कधी काढलाच नव्हता. आता सरकारी दवाखान्यात दाईच्या ट्रेनिंगसाठी तिचं नाव लागलं होतं आणि चार दिवसांत दाखला दाखवायचा होता. त्या दिवशी तोच न्यायला ती आली होती.

ती रडत नव्हती. नुसती बघत होती. तिचा बाप म्हणाला, "झालं आता. नशिबात नव्हतं म्हणा."

गुरुजी पुढं झाले. कपड्यांना राख लागलेली. मोठ्यानं म्हणाले, "कोणी घाबरू नका! सगळे नावं आहेत. बाईनं नक्कल करून ठेवली आहे, इंझोरीले. जूनपासूनचे तेवढे पोरं नसतील त्याच्यात, ते आपण घरोघर विचारून लिहू."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वच्छलानं माझा हात धरला. तिचा हात गार होता, एवढ्या उन्हात.

वच्छलाची नोंद १८८ च्या आत नव्हती. मी शिकवलेली नव्हती ती, पण एवढं मला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी निघालो. तिला बरोबर नेऊ नये म्हणून मी खूप कारणं सांगितली, पण गुरुजीच म्हणाले, न्या तिले, तिचं काम आहे. मंगरुळला दुसऱ्या गाडीची वाट बघत बसलो होतो. मी म्हटलं, "वच्छला, तुले एक सांगायचं आहे."

"सांगा ना बाई."

"त्या नकलेत... समज तुझं नाव नसलं तर?"

ती हसली. "गुरुजी म्हणते सगळे आहेत. तुमी लिहिलं आहे ना? मंग असंन."

मी उठून गाडीची पाटी बघायला गेले.

घरी पोचलो तेव्हा माय ओट्यावर तूर निवडत होती. मी पाणीसुद्धा न पिता आत गेले, पेटीचं कुलूप काढलं. कुलपाला गंज चढला होता, किल्ली दोनदा फिरवावी लागली. वही जिथं ठेवली होती तिथंच, माझ्या जुन्या लुगड्याखाली. वच्छला दारात उभी. मी पान उलटलं, १८५, १८६, १८७, १८८...

१८९.

पुढं लिहिलेलं होतं. माझ्या अक्षरात. माझा 'ळ' वेगळा आहे, खालची गाठ मी उलटी घेते – तोच 'ळ'. माझीच निळी शाई. १९०, २००, २५०. वच्छलाचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, सातवी पास झाल्याचं वर्ष. मी बोट ठेवून तिला दाखवलं.

ती म्हणाली, "पाह्यलं बाई? तुमी उगाच भेव घातलं मले."

मी पानं उलटतच राहिले. शेवटची नोंद ३४१. त्यातल्या शेवटच्या वीसएक नोंदी जूननंतरच्या होत्या – मी अकोल्यात असताना दाखल झालेल्या पोरांच्या. ती नावं मी कधी ऐकलेलीही नव्हती. अगदी शेवटचं नाव एका मुलीचं होतं. तिचे आईवडील रस्त्याच्या कामासाठी बाहेरून गावात आले होते आणि माघ महिन्यात तिला शाळेत घातलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी मायला विचारलं, "माय, ही पेटी कोणी उघडली होती?"

माय म्हणाली, "तूच तं! अजून कोण?"

"मी कधी आली?"

"अवं, काय करून राह्यली तू, चेष्टा? दिवाईनंतर चार-पाच खेपा आली नाई का. बाजाराच्या दिवशी, दुपारची. ह्या ओट्यावर बसून लिहे. मांडीवर ते मोठं लाल बुक होतं. जेवाले म्हटलं तं मान हालवे. पाणी पेली तेवढी एकदा. आन् पाचच्या गाडीनं वापस."

"मंग दिवाळीनंतर शेजारच्या पोराकडून मला चिठ्ठी लिहून पाठवली, त्यात काहून नाही सांगितलंस?"

माय माझ्याकडे बघतच राहिली. "तू येऊन गेली, हे तुलेच कायले सांगू मी?"

मायला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचे डोळे त्या वर्षी चांगले होते, सुईत दोरा ओवायची.

गावी परत आल्यावर मी गुरुजींना सगळं सांगितलं. आधी खोटं बोलल्याचं, मग हे. ते झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. शाळा तिथंच भरत होती. मी म्हटलं, "लाल रजिस्टर तुम्ही कुणाला दिलं होतं का, इंझोरीला न्यायला?"

"बाई, कपाटाची किल्ली माह्या जानव्यासारखी राहे अंगावर. रजिस्टर उंबऱ्याबाहेर गेलं नाही. रोज पाहो मी."

मग त्यांनी काय करावं? म्हणाले, "तपासू." आठ दिवस आम्ही वही तपासली. ज्यांनी आधी दाखले काढले होते त्यांचे दाखले मागवले, नव्या पोरांच्या आईबापांना विचारलं, पंचायत समितीला पाठवलेल्या पटाच्या याद्या आमच्या इकडच्या मालेगावहून आणल्या. गुरुजींना दिसत नसे, मी वाचायची आणि ते बोटांवर मोजायचे. शेवटी मी सांगितलं – दोन चुका. एकात बापाचं नाव चुकलंय, एकात जन्माचा महिना. दोन्ही १८८ च्या आत. पुढं एकही चूक नाही.

गुरुजी म्हणाले, "मंग अक्षर तुमचं असंन बाई, पण लिहिणारं माणूस तुमच्यापेक्षा बारीक नजरेचं आहे." आणि पहिल्यांदा हसले. मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

अकोल्याच्या होस्टेलची हजेरी मी पुढं जाऊन बघून आले. बाजाराच्या दिवशी दरवेळी माझी सही आहे, दोन्ही वेळची. मैत्रिणींना विचारलं. कुणाला मी दुपारी बाहेर गेलेली आठवत नाही. इंझोरीला जाऊन परत हजेरीला पोचणं तेव्हाच्या गाड्यांनी शक्यही नव्हतं. झोपेत लिहिलं म्हणावं, तर न ऐकलेली नावं कुठून आली? मायला भास झाला म्हणावं, तर वहीत शाईनं लिहिलं कुणी?

मुलगा म्हणतो, काहीतरी साधं कारण असेल, आपल्याला सापडलं नाही एवढंच. असेलही. मी अजून शोधते आहे. गणितवाली आहे, उत्तर न मिळालेलं गणित मला खटकतं.

पण त्या वहीवरून पुढं कितीतरी दाखले निघाले. वच्छला ट्रेनिंगला गेली, सरकारी दवाखान्यात लागली आणि तिथूनच रिटायर झाली. माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळी तीच माझ्या उशाशी होती. रस्त्याच्या कामावरच्या त्या मुलीचाही दाखला कुणीतरी येऊन घेऊन गेलं, असं गुरुजींनी मला पत्रात कळवलं होतं. मी मात्र त्या दिवसापासून हातात घेतलेलं काम अर्धं सोडलं नाही. भीतीनं नव्हे. कुणीतरी माझ्या वाटचं केलं होतं, त्याची जाण म्हणून.

माय जायच्या वर्षी मी तिला पुन्हा एकदा विचारलं होतं. ती अंथरुणावर होती, पण बोलणं स्वच्छ होतं. म्हटलं, माय, ती ओट्यावर लिहीत बसायची ती खरंच मी होते का?

माय म्हणाली, "आता पक्कं नाई सांगता येत. तुह्यासारखीच होती. एक डाव मी म्हटलं, अवं थकली असशीन, राहू दे आता, उरलेलं मंग लिही. तं म्हणे, लेकरायचे नावं आहेत माय, राहून जातीन. आन् पुन्हा लिवाले लागली."

मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "लय गुणाची होती पोरगी. कोणी का असंना."