गोजरबाईंचा सपाट तवा

१२ जानेवारी २०२५ रोजी प्रसेनजितने चिखलीहून दोन हजार एकशे पन्नास रुपयांची इंडक्शन शेगडी जानेफळला आणली, ती आईसाठी, गोजरबाईंसाठी. दोन महिन्यांपूर्वी गॅसवर त्यांचा पदर पेटला होता. इजा झाली नाही, पण सुनेने, रेणुकाने, त्यांना शेगडीजवळ फिरकू दिलं नाही. गल्लीत नावाजलेली भाकर थापणारा हात तेव्हापासून लसूण सोलत बसला होता.

"याले जाळच नाई, आई," रेणुका म्हणाली. "यावर भाकर जमली तं सैपाक तुमचा. नाई तं लसूण हायेच."

चुलीवरचा खोलगट तवा शेगडीच्या सपाट काचेवर डुगडुगला. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला तर शेगडीने ओळखच दाखवली नाही. म्हणून पंचफुलाच्या भांड्यांच्या दुकानातून सपाट बुडाचा लोखंडी तवा आणला, थोडे पैसे उधार ठेवून.

गोजरबाईंनी भाकर थापून तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. इथवर झकास. पुढे हात सवयीने चालला. त्यांनी तवा उतरवून बाजूला ठेवला आणि जाळावर शेकायला टाकावी तशी भाकर थेट काचेवर टाकली. शेगडी टी-टी करू लागली. भाकर निपचित.

"काऊन वरडून राह्यलं वं हे?"

"तवा कुठी गेला म्हून इचारून राह्यलं," रेणुका हसू दाबत म्हणाली. "आई, काचेखाली तारेचं वेटोळं हाय. त्यात वीज फिरली का वरचं लोखंडच तापते. भाकरीत कुठी हाय लोखंड?"

"म्हंजे तवा उचलला का आच बंद?"

"हाव. तुम्ही इसरल्या तरी बंद."

गोजरबाईंनी दुसरी भाकर थापली. ही तव्यावरच ठेवली, उलटली आणि फडक्याने कडा हलके हलके दाबत राहिल्या. आधी एका बाजूला फुगा आला, मग सबंध भाकर टम्म झाली. रेणुकाने ती उभ्याउभ्याच ठेच्याशी खाल्ली.

"उद्यापासून लसूण मी सोलते," ती म्हणाली.

आता दूध पाहता पाहता वर येतं, पत्र्याखालचं स्वयंपाकघर पहिल्यासारखं तापत नाही, आणि काच फडक्याने पुसली की झालं. लाइन गेली तर मात्र गॅस रेणुकाच पेटवते. त्या वेळी गोजरबाई दारातून सूचना देतात.

परवा पंचफुला तव्याच्या उरलेल्या पैशांसाठी आली होती. गोजरबाईंनी तिला गरम भाकर वाढली. ती दोन खाऊन गेली.

तव्याचे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.