छातीत न आलेली कळ

दुखतंय म्हणून सांगायची आमच्या घरात पद्धतच नव्हती. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार होऊन कुंडलला परतलेले आणि भावकीत दोन घरांआड एक फौजी. इंजेक्शन घेताना कुणी डोळे मिटले, तर सुट्टीवर आलेले चुलते त्याला दिवसभर चिडवायचे. मुलगी म्हणून मलाही सवलत नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आबांना मधुमेह निघाला. मी सांगलीला कॉलेजात विज्ञान शिकत होते, त्यामुळे रविवारी घरी आले की लघवी तपासायचं काम माझं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर साखर वाढली. आबा शेजारी उकिडवे बसून निकालाची वाट बघायचे. विटकरी आलं की मी काही बोलायच्या आत स्वतःच कबूल करायचे, "जरा चाखला गं गूळ. घरचा हाय, दुकानातली साखर न्हवं." मग मी त्यांना फैलावर घ्यायचे. आज वाटतं, तसं रागावता यावं, एवढ्यासाठी तरी ते समोर असावेत.

एका हंगामात गुऱ्हाळात चुलवाणाच्या भट्टीपाशी त्यांच्या अनवाणी पायाखाली निखारा आला. त्यांना कळलंच नाही. कातडं जळल्याचा वास आला तेव्हा गूळ करणाऱ्यानंच त्यांना मागं ओढलं. तळव्याला रुपयाएवढा फोड आला होता, आणि आबा आपले काहिलीत उकळणाऱ्या पाकाबद्दलच बोलत होते. "ह्येला म्हंत्यात फौजी गडी!" धाकटे चुलते गावभर सांगत सुटले. मीही हॉस्टेलवर तो किस्सा मोठ्या ऐटीत सांगितला. विज्ञान शिकणारी मी! माणसाच्या पायाला चटका कळत नाही म्हणजे काय, हा प्रश्न मला पडला नाही.

पुढच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी आबा उसाला पाणी पाजून दुपारी घरी आले आणि बाहेरच्या सोप्यातच बसले. सदरा घामानं चिंब, चेहरा राखेसारखा. सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती, जेवण राहिलं होतं. गोळीनंतर खायला उशीर झाला आणि असा घाम फुटला तर साखर उतरलीय समजून लगेच गोड द्या, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं. मी धावत जाऊन गुळाचा खडा आणला.

"आबा, छातीत दुखतंय का?"

"न्हाई गं. नुसता जीव घाबरा हुतोय."

"आवं, मग गप खावा की," आई म्हणाली.

त्यांनी खडा तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला आणि माझ्याकडं बघून हसले. "आज तूच दिलास बग." आम्हीही हसलो. मग त्यांना आडवं केलं, आईनं वारा घातला. घाम थांबायची वाट बघण्यात सगळी दुपार गेली. दिवस कलला आणि त्यांना धाप लागली, तेव्हा कुठं जीप मिळवून सांगली गाठली.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "हार्ट अटॅक दुपारीच येऊन गेलाय. मधुमेह कळण्याआधीच बरीच वर्षं अंगात असतो; तो जुना झाला की रक्तवाहिन्या बिघडतात, नसा बधिर होतात. अशा माणसाला छातीत कळ येईलच असं नाही. पायाला काही लागलेलं यांना कळायचं का?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी निखाऱ्याची गोष्ट सांगितली. तीच गोष्ट, हॉस्टेलवर ऐटीत सांगितलेली.

दुसऱ्या दिवशी आबा थोडं बोलू लागले. मी उशाशी होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि काही लपवल्याचा आळ आल्यासारखे म्हणाले, "पोरी, दुकलं असतं तर सांगितलं असतं की गं."

माफी खरं तर मी मागायला हवी होती, पण म्हटलं, जरा बरे होऊ देत, मग निवांत बोलू. तिसऱ्या दिवशी पहाटे आबा गेले.