सहा पट्टे आणि एक माकडटोपी

माझ्या चुलतसासऱ्यांनी आजवर एकाही माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं नाही. गाडीचं मात्र ते शेवटच्या कुरकुरीपर्यंत ऐकतात. आमच्या लग्नात अंतरपाटाच्या अलीकडे मी घामाने भिजून उभा होतो, मंगलाष्टकं सुरू होती, आणि वधूचे सख्खे काका म्हणून हे गृहस्थ तिच्या बाजूच्या मंडळींत पुढे उभे होते. इतक्यात मांडवाबाहेर कुणीतरी वरातीची गाडी सुरू करून पाहिली. दोन अक्षता टाकल्या न टाकल्या आणि काका बाहेर. परतले तेव्हा पंगतीत जिलबी फिरत होती आणि त्यांच्या रेशमी सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत काळी होती. आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत ते नाहीत. मला मात्र ते त्याच दिवशी पहिल्यांदा भेटले, आणि पुतणीच्या नवऱ्याला द्यायचा सगळा मान देत म्हणाले, "जावईबापू, आपली निवड उत्तम आहे. वरातीची गाडी मात्र भिकार आहे." तेव्हापासून ते मला अहो-जाहो करतात आणि माझ्या गाडीला अरे-तुरे.

काका केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झाले. तरुणपणी बदली होऊन कोलकात्याला आले आणि बागबाजारात एका घराचा तळमजला भाड्याने घेऊन राहिले ते कायमचे. त्यांच्या राहण्याच्या जागेचा त्यांना अभिमान आहे. मराठे घोडे घेऊन येतील या धास्तीने या शहराने एके काळी खंदक खणला, तो इथूनच सुरू होत होता. "एवढा खंदक खणला, आणि आम्ही आलो बदलीच्या ऑर्डरवर," असं ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. आले त्याच वर्षी त्यांनी सायीच्या रंगाची एक नवी कोरी आठशे घेतली, ती छोटी तीन सिलिंडरची गाडी, जी तेव्हा प्रत्येक मध्यमवर्गीय घराचं स्वप्न होती. स्वप्न पाहणाऱ्यांनी पुढे मोठ्या गाड्या घेतल्या. काकांनी त्याच गाडीसाठी बढती नाकारली. बढतीबरोबर एका बेटावरची बदली होती, आणि खाऱ्या हवेत तिचा पत्रा टिकणार नाही असं त्यांनी साहेबांना तोंडावर सांगितलं. साहेबांना बराच वेळ वाटत होतं की ते काकूंच्या तब्येतीबद्दल बोलत आहेत.

गाडी दुरुस्त करायची तर ती मराठीतच करता येते, असं त्यांचं ठाम मत आहे. कारण आवाजाला इतके शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत आहेत? टकटक म्हणजे टॅपेट, किरकिर म्हणजे पट्टा, कुईकुई म्हणजे ब्रेक, घूं म्हणजे चाकाचं बेअरिंग, आणि खुळखुळ म्हणजे सायलेन्सरच्या पोटात काहीतरी सुटलंय. हे शब्द त्यांनी सगळ्या बंगाली मंडळींना शिकवून सोडले आहेत. आमच्यातल्या एक निवृत्त भूगोलाच्या शिक्षिका, ज्यांना सगळे दिदिमणी म्हणतात, त्यांच्याकडे लाल आठशे आहे. त्या फोनवर अत्यंत गंभीरपणे सांगतात, "दादा, आमार गाडीटा आबार खुलखुल कोरछे." कोलकात्यात वाढलेल्या माझ्या मुलीचं मराठी यथातथाच आहे, पण हे शब्द तिला सगळे येतात. आवाज ओळखताना काका एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेतात, त्याचं टोक इंजिनाला लावतात, मूठ कानाला, आणि डोळे मिटतात. सियालदहच्या मागच्या गल्लीत ज्या मिस्त्रीकडे आम्ही गाड्या नेतो, तो म्हणूनच त्यांना डाक्तरबाबू म्हणतो.

"आमच्यातल्या" म्हटलं ते रविवारच्या मंडळींबद्दल. जुन्या आठशे जपणारे आम्ही सात जण रविवारी सकाळी न्यू टाउनच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर जमतो. मी तिथेच एका कंपनीत नोकरी करतो आणि राहतोही तिथेच, त्यामुळे उशिरा पोचणारा नेहमी मीच असतो. जमल्यावर चहाच्या टपरीवर बिस्किटांच्या डब्यात सगळ्यांच्या किल्ल्या टाकायच्या, एकेक उचलायची, आणि जी येईल ती गाडी चालवायची. मालकाने शेजारी बसायचं, तोंड मिटून. फेरी संपली की चालवणाऱ्याने गाडीचं काय बिनसलंय ते सांगायचं. हा नियम काकांचा. रोजच्या सहवासाने मालकाचा कान मरतो, असं ते म्हणतात. शिवाय किल्ल्या नुसत्या नावाला, कारण प्रत्येकाला मनातून आपली किल्ली काकांच्या हाती लागावी असंच वाटत असतं. त्यांनी एकदा मान डोलावली की तो माणूस आठवडाभर ताठ चालतो. माझ्या वाट्याला ते डोलणं आजवर दोनदा आलं आहे.

काकूंच्या वाट्याला काय आलं आहे, ते विचारू नये. त्यांच्या इडलीपात्रात कार्बोरेटर सापडला आहे, आणि देवघरातल्या उदबत्तीच्या पुड्यात स्पार्क प्लग. एकदा त्यांनी दिवसभर तक्रार केली की उजवा गुडघा दुखतोय. "तर संध्याकाळी मला विचारतात, आवाज येतो का? नाही म्हटलं, तर म्हणाले, मग काळजी नाही." हे सांगताना काकू हसतात. पण प्रत्येक वेळी सांगतात.

तर गेल्या हिवाळ्यात एक आक्रीत घडलं. काकांनी माकडटोपी घातली. कोलकात्याची थंडी आणि माकडटोपी हा त्यांच्या टिंगलीचा राखीव विषय. पारा जरा खाली आला की सगळं शहर ती लोकरी टोपी हनुवटीपर्यंत ओढून घेतं, आणि काका नुसत्या हाफशर्टात फिरत म्हणतात, "ही मंडळी हिमालयात निघाली आहेत का?" आणि त्या रविवारी तेच तपकिरी माकडटोपीत, फक्त नाक आणि चष्मा बाहेर. दिदिमणींना इतका आनंद झाला की त्यांनी पुढच्या आठवड्याला आणखी एक विणून आणली. "एतोदिने दादा मानुष होलेन," त्या म्हणाल्या, म्हणजे इतक्या दिवसांनी दादा माणसात आले.

त्याच रविवारी दिदिमणींच्या गाडीत काकांना शिट्टी ऐकू आली. बारीक, लांब, मधूनच थांबणारी. "पट्टा," ते म्हणाले. शेजारी बसलेल्या दिदिमणींनीही ऐकली होती. सोमवारी मिस्त्रीने पंख्याचा पट्टा बदलला आणि शिट्टी बंद झाली. पुढच्या रविवारी माझी किल्ली त्यांच्या हाती लागली, आणि माझ्या गाडीतही तीच शिट्टी. मी स्वतःच्या कानांनी ऐकली. पट्टा बदलला, गाडी घरी आणली, आठवडाभर चालवली, एकदाही वाजली नाही. मी सगळ्यांना काकांच्या कानाचं कौतुक सांगत सुटलो. मग तिसऱ्याची गाडी, चौथ्याची, पाचवीही, सहावीही. सातवी त्यांची स्वतःची, ती त्यांच्या वाट्याला येतच नसे. पट्ट्यांची साथ आली आहे, अशी आमची समजूत झाली. एकाने धुळीला दोष दिला, एकाने हल्लीच्या रबराला. सात शिकलीसवरलेली माणसं, त्यातले दोन इंजिनियर, पण कुणाच्याही डोक्यात एवढं आलं नाही की शिट्टी फक्त काका गाडीत असतानाच वाजते.

संक्रांतीला आम्ही बागबाजारात तिळगूळ घ्यायला गेलो. काका घरातही टोपी घालून बसले होते. काकूंनी गुळाच्या पोळ्या वाढल्या, काकांनी खाली वाकून पहिला घास घेतला, आणि जेवणाच्या टेबलावर ती शिट्टी वाजली. आजूबाजूला गाडी नव्हती. मी सवयीने "पट्टा" म्हणालो, आणि मग मलाच कसंसं झालं.

"अहो, काढा ती टोपी," काकू म्हणाल्या. "जावईबापू काही परके नाहीत."

काकांनी टोपी काढली. उजव्या कानामागे शेंगदाण्याएवढं यंत्र होतं. दिवाळीनंतर डॉक्टरांनी बसवलेलं. वरून घट्ट टोपी आली की ते शिट्टी मारतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण डॉक्टर पडले माणूस, त्यांचं बोलणं काकांनी अर्ध्यावरच सोडलं होतं. त्यांना ते आत्ता, माझ्या तोंडाकडे पाहून कळलं. "बारीक आवाज गेले," ते म्हणाले. "टकटक गेली. किरकिर गेली. घूं तेवढं आहे अजून. सहा चांगले पट्टे काढायला लावले मी, जावईबापू." आणि मग इतक्या हळू की त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नसेल, "मंडळींना सांगू नका."

मी सांगितलं नाही. पण काका रविवारी यायचे थांबले. आधी सर्दी झाली, मग पाहुणे आले, मग कुठलीतरी पूजा निघाली. ज्या माणसाने गाडीसाठी पुतणीचं लग्न सोडलं, तो पूजेसाठी गाडी सोडतो यावर कोण विश्वास ठेवणार? बिस्किटांच्या डब्यात सहाच किल्ल्या पडू लागल्या आणि कुणाची कुणाला येते याचं कुणाला काही वाटेना. दिदिमणींनी दोनदा विचारलं, दादा रागावलेत का. काका आले नाहीत तर मंडळी फार दिवस टिकणार नाहीत, हे मला दिसत होतं. आणि मंडळींशिवाय काका टिकतील का, हे मला विचारायचं नव्हतं. न राहवून मी मिस्त्रीकडे गेलो आणि आडून आडून पट्ट्यांचा विषय काढला. त्याने खिळ्याला टांगलेले सहा पट्टे दाखवले. "सब ठीक थे," तो म्हणाला. "डाक्तरबाबू बोले, तो बदल दिया. इतने साल सही बोले, छह बार गलत बोल दिया तो क्या हुआ? उनको बोलिए, आ जाएं."

पुढच्या रविवारी मी न्यू टाउनला न जाता गाडी घेऊन थेट बागबाजारात गेलो. मिस्त्रीला सगळं ठाऊक आहे, त्याने बोलावलंय, एवढं सांगितलं. काकांच्या डोक्यावर टोपी नव्हती आणि यंत्रही काढून ठेवलेलं होतं. मी मोठ्याने म्हणालो की माझी गाडी कसलातरी आवाज करते आहे आणि मला त्याचं नाव सांगता येत नाही. ते येऊन बसले, माझ्या शेजारी, मालकाच्या जागी. मी इंजिन सुरू केलं.

"काय ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणालाही विचारलं नव्हतं. मी सुरुवात केली. खडखड म्हणालो, ते म्हणाले खडखड की खुळखुळ, नीट ऐका. मी म्हणालो मधेच काहीतरी अडखळतं. ते म्हणाले अडखळतं हा शब्द नाही, आवाज सांगा. मी त्यांनी शिकवलेले सगळे शब्द वापरून पाहिले आणि एकही बसेना. शेवटी त्यांचा चेहरा पाहून मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काका, आता एकदम शांत चालली आहे. शिवणयंत्रासारखी."

काकांनी हात पुढे करून गिअरच्या मुठीवर ठेवला. डोळे मिटले.

"खोटं सांगू नका, जावईबापू," ते म्हणाले. "तीनातलं एक सिलिंडर मार खातंय. प्लग बघा."

प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट. माझ्या गाडीच्या बिघाडाचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आता काका पुन्हा येतात. टोपी दिदिमणींना साभार परत गेली आहे आणि यंत्र उघड्या कानामागे दिसतं. नियम मात्र बदलला आहे. शेजारी बसलेल्या मालकाने आता तोंड मिटून बसायचं नाही. काय ऐकू येतंय ते बोलत राहायचं, आणि काका एक हात गिअरवर ठेवून ते ऐकतात. दिदिमणी तर गाडीबरोबर सुनेचंही सांगतात. काका अर्ध्यावर तोडत नाहीत. बारीक आवाज त्यांना कळत नाहीत म्हणून ओठांकडे बघत बसावं लागतं, आणि ओठांकडे बघत बसलं की माणूस काय म्हणतोय ते आपोआप शेवटपर्यंत कळतं. मला याचं बरंही वाटतं आणि वाईटही. डोळे मिटून स्क्रूड्रायव्हर कानाला लावलेले काका आता दिसणार नाहीत.

परवा बागबाजारात गेलो तेव्हा काका गाडीखाली होते आणि काकू दारात मूग निवडत बसल्या होत्या. "काल मला विचारलं, गुडघा कसा दुखतो," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, कसा म्हणजे? तर म्हणाले, नीट सांग, मला आता नुसतं ऐकून कळत नाही."

"मग सांगितलंत?"

"सांगितलं की. जिना चढताना कसा, उतरताना कसा, सगळं." काकूंनी ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. पूर्ण ऐकलं हो."