वर्षाचं टायमिंग

वर्षा दुसऱ्या राउंडच्या वळणावर पडली. ठेच लागून नाही. आधी तिचे पाय वाकडेतिकडे पडायला लागले, मग ती तोंडावरच आपटली.

देवपूरच्या एका मैदानावर मी मुलींचा पोलीस भरतीचा क्लास घेते. स्वतः हवालदार म्हणून रिटायर झाले. लोकांना वाटतं, भरती म्हणजे पुस्तकं घोकायची. तसं नसतं, आधी ग्राउंड असतं. शंभर मीटर, आठशे मीटर आणि गोळाफेक. आठशे मीटर म्हणजे आमच्या मैदानाच्या दोन फेऱ्या. त्या जितक्या कमी वेळात माराल, तितके मार्क जास्त. यालाच आम्ही टायमिंग म्हणतो. क्लासमध्ये दिवसभर दुसरा विषय नसतो.

वर्षा तेवीस वर्षांची. धरणगावजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. देवपुरात दोघी-तिघींबरोबर खोली घेऊन राहायची. अंगानं भरलेली, खांदे रुंद. गोळा असा फेकायची की मुलांच्या बॅचचे सरसुद्धा मान वळवून बघायचे. पण आठशेचं टायमिंग काही केल्या हलत नव्हतं. मी तिचे बूट बदलले. रक्त तपासून घेतलं, तर हिमोग्लोबिन माझ्यापेक्षा चांगलं. शेवटी मी सगळे कोच करतात तेच केलं, ओरडायला लागले. ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. तिच्या वडिलांनी आधीच सांगून टाकलं होतं की हे शेवटचं वर्ष, यंदा नाही झालं तर लग्न. आणि ग्राउंड महिन्यावर आलं होतं.

तर ती पडली. आम्ही तिला उचलून सामानाच्या खोलीत नेलं, तिथल्या मॅटवर झोपवलं. ओठ निळसर झाले होते. मार्चचं ऊन आणि अंगात चेन लावलेलं जॅकेट! बाकीच्या पोरींना मी बाहेर काढलं, दार लावलं आणि चेन खाली ओढली. आत टी-शर्ट. टी-शर्टवर हात ठेवला तर हाताला फळीसारखं कडक काहीतरी लागलं.

मला वाटलं, कंबरेचा पट्टा वर सरकला असेल. टी-शर्ट वर केला. पाय मुरगळल्यावर बांधतात ना, ते तपकिरी ताणायचं क्रेप बँडेज, ते तिनं छातीभोवती करकचून गुंडाळलं होतं. त्यावर जुन्या साडीची पट्टी. त्यावर सेफ्टी पिना.

फर्स्ट एडच्या कात्रीनं मी ते कापलं. शेवटचा वेढा सुटला तेव्हा तिनं असा श्वास घेतला की मीच दचकले. बगलेखाली कातडी सोलून निघाली होती, पिनांचे ओरखडे उमटले होते. नोकरीत मी काय काय पंचनामे केलेत, ते इथं लिहीत नाही. पण असं काही कधी पाहिलं नव्हतं.

"कोणी केलं हे?" मी पोलिसी आवाजात विचारलं. सवय जात नाही.

"कोन्ही नही मॅडम. मीच बांधस. रूमवाली मागून ओढस."

"का पण?"

तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाली, "गावमा रोडवर पयतांना मना व्हिडिओ काढा कोन्हीतरी. ग्रुपवर टाका. बठ्ठा हसनात. आबांनी देखा ना, ते घरमाच बसाडी देतीन. मायनी सांगं, बांधी ले, दिसाले नको."

मी तिच्या अंगावर चादर टाकली. म्हणजे तिच्या पळण्याचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरला होता, आणि वडिलांनी पाहू नये म्हणून आईनंच बांधायला लावलं होतं.

संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर मी सगळ्या मुलींना त्याच खोलीत बसवलं आणि सरळ विचारलं, अजून कोण कोण बांधतं? एक हात वर आला. मग दुसरा. बघता बघता अर्ध्याहून जास्त हात वर. एक जण भावाचं बनियन शिवून शिवून घट्ट करून घालत होती. एक जण नुसती पाठीला पोक काढून पळायची आणि मी तिला रोज 'खांदे मागे, छाती पुढे' म्हणून झापत होते. एक म्हणाली, "मॅडम, आम्हाला वाटलं, पोलिसात सगळ्या असंच करत असतील."

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. या मुली उद्या खाकी घालून दुसऱ्यांचं संरक्षण करणार होत्या.

दुसऱ्या दिवशी मी आग्रा रोडवरच्या एका कपड्याच्या दुकानात गेले. मारवाडी कुटुंबाचं जुनं दुकान. शेठजींना म्हटलं, "स्पोर्ट्स ब्रा दाखवा." पळताना अंगाला हिसके बसू नयेत, दुखू नये, पण श्वास पुरता घेता यावा अशी ती शिवलेली असते. यात लाजण्यासारखं काय आहे? शेठजींनी मात्र आधी दाराकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"मॅडम, इकडे त्याला गिऱ्हाईक नाही. कोणी मागतच नाही."

"मी मागतेय. चांगली वीसेक."

आतून शेठजींची सून आली. "पप्पाजी, मी बघते," म्हणाली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मी जिमला वापरते. सुरतहून मागवते. मापं द्या, आठवड्यात आणते." मापं घ्यायला ती स्वतः मैदानावर आली. दार लावून तिनं एकेकीचं माप घेतलं. पोरी आधी आक्रसून उभ्या राहायच्या, मग खिदळायला लागल्या.

त्याच आठवड्यात वर्षाची आई एसटीनं आली. तिच्या पिशवीत शेव होती, लोणचं होतं आणि तीन नवी कोरी क्रेप बँडेजं होती. मी आधीचं बँडेज कापल्याचं कळल्यावर बाई माझ्यावरच उसळली.

"तुम्ही कापी टाकं? तुमले काय जास मॅडम? गावमा आम्हाले ऱ्हानं पडस!"

मी वाद घातला नाही. म्हटलं, "ताई, हिला बांधायला सांगितलं होतं तितकंच घट्ट मला बांधा." तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मी ऐकेना, तेव्हा तिनं शर्टवरूनच बांधलं, पाठीला गुडघा टेकवून ओढलं. मी मैदानात उतरले. अर्धी फेरीही झाली नाही. डोळ्यांपुढे काळे ठिपके आले आणि मी फतकल मारून खाली बसले. वयाचा भाग असेल, पण वयानं बरगड्या आवळत नाहीत. बाई धावत आली. पिना काढायच्या घाईत तिनं एक मलाच टोचवली.

"मनी पोर असं बांधीसन दोन फेऱ्या मारे?" तिनं विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. ती तिथंच मातीत बसून रडली. जाताना बँडेजं माझ्या फर्स्ट एडच्या डब्यात ठेवून गेली.

बँडेज गेलं, पण जॅकेट काही जाईना. नवी ब्रा घालूनही वर्षा वरून जॅकेट चढवायचीच. मी जबरदस्ती केली नाही. टायमिंग सुधारत होतं, पण हवं तितकं नाही. खऱ्या ग्राउंडच्या दिवशी मी कुंपणाबाहेर होते. आतल्या महिला अधिकारी ओरडल्या, "जॅकेट काढा. नंबर दिसला पाहिजे." वर्षानं वळून कुंपणाकडे पाहिलं. मी काहीच खूण केली नाही. खरं सांगते, मला सुचलीच नाही. तिनं चेन ओढली, जॅकेट काढून खाली टाकलं आणि दोन्ही हात बाजूला मोकळे सोडून उभी राहिली. शिट्टी झाली. पहिल्या वळणालाच मला कळलं की आज ही थांबत नाही.

बाहेर आल्यावर तिनं टायमिंग सांगितलंच नाही. म्हणाली, "मॅडम, मनं आंग चांगलं शे वं. मी उगाच त्याना जीव खाई राहिंती." आणि मग, "माले भूक लागनी." चार वडापाव खाल्ले.

वर्षाचं नाव सिलेक्शनमध्ये आलं. तेव्हापासून क्लासला मुलगी आली की टायमिंगच्या आधी मी दार लावून एकच विचारते, श्वास पुरता घेता येतो का? कोचिंगच्या पुस्तकात हे कुठं सापडलं नाही.

वर्षा ट्रेनिंगला गेल्यावर एकदा तिच्या आईचा फोन आला. मला वाटलं, पेढ्यांचा असेल.

"मॅडम, त्या पोरींले सुरतहून लिध्यात ना, तशी मालेबी एक मांगाडी द्या. कापूस येचतांना दिनभर वाकनं पडस. भलता त्रास व्हस."

मी वही पुढे ओढली. विचारलं, "साइज काय ताई?"

"काय माहीत," ती म्हणाली. "आजवर मनं माप कोन्ही लिधंच नही."