गारठासुराचा चेहरा

माझा थोरला भाऊ, दादा, तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात राबतोय. लोखंडी आकड्याने लाद्या ओढून ओढून त्याचा उजवा खांदा खाली आला आणि बोटं कायमची पांढुरकी पडली. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. माझी शाळा, माझे रंग, माझे ब्रश, सगळं त्यानेच बघितलं. आता मी मुलांच्या कॉमिकसाठी चित्रं काढतो आणि त्यांचं कौतुक माझ्यापेक्षा दादालाच जास्त. नवा अंक आला की कारखान्यात वाटून यायचा, कुणी मागो न मागो.

गेल्या महिन्यात आमच्या महानायकाला नवा खलनायक हवा होता, नुसत्या स्पर्शाने माणूस गोठवणारा. नाव ठरलं गारठासुर. संपादक चारला पानं न्यायला येणार आणि तीन वाजले तरी माझ्या कागदावर चेहरा नाही. मग वेळ मारून नेली. दादाचा खांदा घेतला, बोटं घेतली, आकडा घेतला, शेवटी नाकडोळेही त्याचेच घेतले. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. आणि काढताना मजा येत होती, हेही कबूल करतो.

अंक हातोहात खपला. गल्लीतली पोरं दादाला बघून "गारठासुर आला" म्हणत पळायला लागली. दादानेही हात उगारून दोन-चार जणांना खोटंखोटं गोठवलं. मी खिडकीतून बघत होतो.

मग एका दुपारी माझी सहा वर्षांची लेक शाळेतून एकटीच धावत घरात शिरली. मागून दादा आला, तिचं दप्तर खांद्याला लावून. सकाळची पाळी संपली की तोच तिला आणतो, बोटाला धरून, वाटेतली प्रत्येक मांजर दाखवत. त्या दिवशी तिने बोट धरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याला दारातच गाठलं.

"दादा, चुकलं माझं. पुढच्या अंकात त्याला मुखवटा चढवतो. आणि पोरीलाही सांगतो, ते नुसतं चित्र आहे म्हणून."

तो वाकून चपला काढत होता. रागावला असता तर फार बरं झालं असतं.

"मी सांगून पाहिलं रे," तो म्हणाला. "ती म्हणते, बाबा खोटं काढत नाही."

त्याने चपला भिंतीशी सरळ लावल्या.

"उद्यापासून तिला तूच आणत जा."